वालधुनीचं देणं

आमच्या घरात आजवर जो काही पैसा आला, तो वालधुनीच्या पाण्यावर आला. आबांचा रेल्वेतला, पप्पांचा केमिकल कंपनीतला, आईचा जीन्सचे धागे कापण्याचा आणि आता माझा, पाणी तपासण्याचा. नदीने आम्हाला वाढवलं असं सांगणारी माणसं गावोगाव भेटतात. त्यांची नदी शेत भिजवते, गुरांना पाजते. आमच्या नदीने आबांच्या वेळी स्वतः चांगली राहून आम्हाला पोसलं आणि पुढे आई-पप्पांच्या वेळी स्वतः बिघडून पोसलं. आबा गेले, शेजारच्या सिंधी अम्मा गेल्या. हा हिशेब माहीत असलेली माणसं घरात कमी होत चालली, म्हणून तो लिहून ठेवते आहे.

नदी लहान आहे, जेमतेम तीस किलोमीटरची. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगररांगेत, काकोळे गावाच्या माथ्यावर तिचा उगम. तिथून खाली उतरून ती अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेने शिवमंदिरापाशी येते. मग वडोलगाव, उल्हासनगरचे कॅम्प, विठ्ठलवाडी असं करत रेल्वेमार्गाखालून कल्याणच्या वालधुनी वस्तीत शिरते आणि शेवटी कल्याणच्या खाडीत उल्हास नदीला मिळते. डोंगर, धरण, हजार वर्षांचं देऊळ, रसायनांचे कारखाने, निर्वासितांचं शहर, रेल्वेचं यार्ड आणि खाडी, एवढं सगळं एवढ्याशा लांबीत तिच्या काठावर आहे. कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये दाराशी उभी असलेली माणसं विठ्ठलवाडी जवळ आल्याचं डोळे मिटून, वासावरून ओळखतात. पण नदीची ओळख तिथून सुरू करणं मला कधीच पटलेलं नाही. ती वरून, काकोळ्यापासून करून घ्यायला हवी.

आबा जीआयपी रेल्वेत खलाशी म्हणून लागले. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली, आबांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत जीआयपीच राहिलं. इंग्रजांच्या काळात वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी काकोळ्याला वालधुनी अडवून जो तलाव केला, तो आजही जीआयपी टँकच आहे. १९३० पर्यंत विजेच्या तारा कल्याणच्या पुढे घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोहोचल्या होत्या. तरी यार्डात डबे ओढणारी, मालगाड्या जोडणारी इंजिनं पुढे कितीतरी वर्षं कोळसा खात होती आणि पाणी पीत होती.

आबा होते वॉशआउटच्या गँगमध्ये. ठरलेल्या दिवशी इंजिन थंड करायचं, बॉयलरचे प्लग काढायचे, आत जोराचं पाणी मारून गाळ धुऊन काढायचा आणि नळ्यांवर बसलेली क्षारांची खपली सळईने खरवडायची. पाणी जड असलं की खपली जाड धरते. खपली धरली की आगीची ऊब पाण्यापर्यंत पोहोचत नाही, कोळसा जास्त जळतो आणि धातू नको इतका तापतो. कधी तो तापून ट्यूब फुटते आणि समोर उभा असलेला फायरमन भाजतो. म्हणजे चांगलं पाणी म्हणजे फायरमनचा जीव, इतका सरळ हिशेब होता. आबा तो मला रसायनशास्त्राचं पुस्तक हातात येण्याच्या कितीतरी आधी सांगत. त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात खपलीचे दोन तुकडे होते. एक पुठ्ठ्याएवढा जाड, कुठल्याशा लांबच्या मुलखातून आलेल्या इंजिनातला. दुसरा नखाएवढा पातळ, कल्याणच्याच शंटिंग इंजिनातला. "हे काकोळ्याचं पाणी," पातळ तुकडा माझ्या तळहातावर ठेवत ते म्हणायचे. "पावसाचं, कातळावरून आलेलं. ह्याने कुणाला भाजलं नाही."

सुट्टीच्या दिवशी ते पप्पांना घेऊन नदीच्या काठाकाठाने वर जात. ते चालणं मी ऐकूनच ओळखते, पण इतक्यांदा ऐकलं आहे की त्यातली वळणं मला पाठ आहेत. पहिल्या पावसाला खाडीकडून नदीत वलगणीचे मासे चढायचे. काठावरच्या गावांतले आगरी लोक जाळी, टोपल्या, नाहीतर नुसती धोतरं लावून उभे राहायचे. इंजिन शेडमधल्या एका आगरी सोबत्याच्या घरून दर पावसाळ्यात आमच्याकडे चिंबोऱ्या यायच्या आणि आबांकडून त्यांच्या घरी रेशनची साखर जायची. पाणी चांगलं होतं म्हणून ती देवाणघेवाण होती. पुढे मासे चढेनासे झाले तशी चिंबोऱ्यांची टोपलीही थांबली. दोन घरांत भांडण काहीच झालं नव्हतं, पण येणंजाणं विरळ होत गेलं. नदी बिघडते तेव्हा माणसंही अशी तुटतात, हे मोजायला कुठलंच परिमाण नाही.

पप्पांना रेल्वेत लागायचं होतं. जागा निघाल्या नाहीत आणि ते अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत ऑपरेटर झाले. रंग म्हणजे कापडाचे रंग आणि त्यांच्यासाठी लागणारी मधली रसायनं. तीन पाळ्या, ओव्हरटाइम, महिन्याला साबणाच्या वड्या आणि गुळाची ढेप. त्यांचा टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा, कारण घामातूनही रंग उतरायचा. कुठल्या बॅचवर आहेत ते नखांवरून कळायचं. नदीवरूनही कळायचं. लाल रंग निघाला की नदी लाल, निळा निघाला की निळी. आम्ही शाळेतून येताना पुलावरून बघायचो आणि घरी जाऊन आईला सांगायचो, पप्पांची बॅच सुटली. आई तेवढ्यावरून चहाचं आधण ठेवायची.

त्याच पगारातून माझी फी भरली गेली, भावाच्या दम्याची औषधं आली आणि खोलीवर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. पप्पा मिळवते होते म्हणून आबांची शेवटची वर्षं नीट गेली. कंपनीचं पाणी रात्री, पाऊस लागला की अधिक, सरळ चेंबरमधून नाल्यात सोडलं जातं हे पप्पांना ठाऊक होतं. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या हातांत कधी त्यांचाही हात असे. त्यावर आबा आणि ते एकदाच बोलल्याचं मला आठवतं. आबा म्हणाले, "अरे, ते पाणी आमच्या इंजिनात जायचं." पप्पा म्हणाले, "आता इंजिनं कुठायत, आबा?" मग दोघंही जेवत राहिले. मला त्या दोघांपैकी कुणालाही चूक म्हणता येत नाही. एकाने नदीच्या चांगुलपणावर घर उभं केलं. दुसऱ्याच्या वाट्याला ते घर चालवण्यासाठी जे काम आलं, ते त्याने केलं.

अंबरनाथचं शिवमंदिर ह्याच नदीच्या काठी आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा तिथला शिलालेख. शिलाहार राजांनी काळ्या दगडात उभारलेलं, भूमिज शैलीचं देऊळ. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि पायऱ्या उतरून पिंडीशी जावं लागतं. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. आई आम्हाला घेऊन जायची तेव्हा पिंडीवर घालायचं पाणी घरच्या नळाचं, तांब्यात भरून, पदराने झाकून न्यायची. नदी देवळाच्या पायथ्याशी वाहत असे. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही जागा निवडली त्यांनी नदी बघूनच निवडली असणार. आईच्या हातातला तो तांब्या आठवला की माझ्या पोटात आजही कालवतं.

आता आईचा आणि अम्मांचा भाग.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बॅरॅकमध्ये जागा दिली गेली. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, पण आजही आम्ही पत्ता सांगतो तो कॅम्प नंबरनेच. आबा रेल्वेचं क्वार्टर सोडून निवृत्तीनंतर चार नंबर कॅम्पाच्या बाजूला, नदीजवळच्या चाळीत खोली घेऊन राहिले. आमच्यापासून थोडं वर, चढावर, अम्मांची बॅरॅक होती. अम्मा सक्खरच्या. सिंधू नदीच्या अगदी काठावर वाढलेल्या. त्या सांगायच्या, कराचीहून बोटीने मुंबईला आलो, तिथून इथे, आणि पहिल्या चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, प्रश्न पडला की जलदेव झुलेलालचा बहराणा न्यायचा कुठे? त्याला वाहतं पाणी हवं. कुणीतरी वालधुनी दाखवली. कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळं ठेवलेलं ताट डोक्यावर घेऊन बायका गात गात ह्या काठावर आल्या आणि तांदूळ-साखर पाण्यात वाहिली. सिंधूच्या मानाने केवढीशी ही नदी! पण अम्मा म्हणायच्या, "सब कुछ छूट गया था, बेटी. इसने दिया लिया।" आपलं सगळं हरवून आलेल्या माणसांचा दिवा ज्या पाण्याने घेतला, त्याचं मोल अम्मांनी शेवटपर्यंत मानलं. नदीत दिवा सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हाही त्या येता-जाता पुलावर थांबून डोक्यावर पदर घ्यायच्या.

नव्वदच्या दशकात उल्हासनगरची जीन्स देशभर जायला लागली. शिलाई, मग वॉश, मग फिनिशिंग. शिवलेल्या पँटीवरचे लोंबणारे धागे कापायचं काम घराघरांतल्या बायका करत, नगावर पैसे. अम्मांच्या ओळखीने आईला गठ्ठे मिळू लागले. दुपारी पाणी भरून झालं की आई आणि शेजारणी ओळीने बसत आणि कात्र्यांचा आवाज संध्याकाळपर्यंत चालू राही. पँटी मग वॉशला जात. वॉश म्हणजे मोठमोठ्या फिरत्या ड्रममध्ये प्युमिस दगडांबरोबर घुसळणं, ब्लीच, पोटॅशियम परमॅंगनेटचा फवारा, पुन्हा धुणं. एका पँटीमागे कितीतरी बादल्या पाणी, आणि ते सगळं निळंकाळं होऊन वालधुनीत. पप्पांच्या रंगात आता आईच्या कामाचा रंग मिसळला.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मुंबईची बातमी जगभर झाली. कल्याण, उल्हासनगर, बदलापूरकडे काय झालं ते आम्ही भोगलं. दुपारनंतर नदी चाळीत शिरली ती लवकर उतरलीच नाही. आम्ही आबांना पाटीवर बसवून चढावर नेलं. अम्मांनी दार आधीच उघडं ठेवलं होतं. एका बॅरॅकमध्ये आमच्यासारखी चार घरं त्यांनी सांभाळली, स्वतःच्या घरातलं पीठ संपेपर्यंत कोकी भाजून घातली, आणि पप्पांना ताप भरला तेव्हा रात्रभर कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर चिखलात भिंतीला कारखान्याचं एक निळं पिंप टेकलेलं होतं आणि आईच्या जीन्सचे गठ्ठे गेले होते.

गठ्ठे देणाऱ्याने प्रत्येक पँटीचे पैसे मागितले. पूर होता, हे त्याला सांगून उपयोग झाला नाही. आईने गळ्यातलं मोडायला काढलं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार होता, तो आलाच नाही. अम्मांनी परस्पर त्याचे पैसे चुकते केले होते. आई पैसे परत करायला गेली की अम्मा बाकी सगळ्या गोष्टी बोलायच्या आणि ती गोष्ट सोडून द्यायच्या. एकदा मात्र म्हणाल्या की आमचं सगळं सिंधमध्ये राहिलं तेव्हा आम्हालाही इथे कुणीतरी पहिलं पीठ दिलं होतं, त्याचे पैसे मी कुणाला परत करू? मी पुढे चांदीबाई कॉलेजमध्ये अर्धवट सोडलेलं शिक्षण पुरं केलं ते आईचं गळ्यातलं घरात शिल्लक राहिलं म्हणून. माझ्या पदवीत अम्मांची ती रक्कम आहे.

मी केमिस्ट्री घेतली. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा पहिल्यांदा कडकपणाची चाचणी केली. ईडीटीए थेंबथेंब पाडत जायचं, आणि लालसर द्रावण एका थेंबाला लख्ख निळं होतं. लाल ते निळं, हे मी पुलावरून किती वर्षं बघितलं होतं. इथे मात्र त्या रंगाला अर्थ होता आणि आकडा होता. आबांनी सळईने खरवडून जे ओळखलं ते मी ब्युरेटने ओळखत होते. पुढे विरघळलेला प्राणवायू, मग बीओडी आणि सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते त्याची मापं, असं सगळं हाताखालून गेलं. चांगल्या वाहत्या नदीत प्रतिलिटर सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. चारच्या खाली गेला की मासे तगत नाहीत. कारखान्याने नदीत पाणी सोडायचं तर बीओडी प्रतिलिटर तीस मिलिग्रॅमच्या आत आणि सीओडी अडीचशेच्या आत हवा, असा नियम आहे. हे आकडे पाठ झाले तशी मला वलगणीचे मासे का थांबले, चिंबोऱ्यांची टोपली का थांबली, ते कळलं.

२०१४ च्या नोव्हेंबरअखेर एका पहाटे पप्पा अंथरुणात उठून बसले. "कुणीतरी टँकर खाली केलाय नदीत," म्हणाले. बाकी कुणाला अजून नीट वासही आला नव्हता. त्यांनी फडकी ओली करून सगळ्यांच्या तोंडाला बांधली आणि वाऱ्याची दिशा बघून चाळीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढावर हलवलं. त्या दिवशी उल्हासनगरात शेकडो माणसं श्वास कोंडून, डोळे चुरचुरत दवाखान्यात गेली. आमच्या चाळीतली वाचली, ती एका रंग कंपनीतल्या जुन्या ऑपरेटरच्या नाकामुळे. कंपनीने त्यांना जे शिकवलं ते असं उपयोगी पडलं. त्या पहाटेनंतर ते नदीबद्दल बोलू लागले.

'वनशक्ती' ह्या संस्थेने उल्हास आणि वालधुनीसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. २०१५ मध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि पालिकांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. नंतर न्यायालयाच्या आदेशांमुळे उल्हासनगरातले जीन्स वॉशचे कारखाने बंद झाले आणि आमच्याच गल्लीतल्या किती घरांची चूल मंदावली. मी त्या आदेशांच्या बाजूची आहे. पण आईच्या सोबतिणी रिकाम्या कात्र्या घेऊन अंगणात बसल्या, तेही मी बघितलं आहे. नदी वाचवायची तर ह्या बायकांनाही वाचवावं लागेल, आणि ती जबाबदारी कुठल्या आदेशात लिहिलेली मला दिसली नाही.

वर काकोळ्याचा तलाव अजून चांगला आहे. त्याच पाण्यावर आज 'रेल नीर'च्या बाटल्या भरल्या जातात. विठ्ठलवाडीला लोकलमधल्या माणसाच्या हातात जी बाटली असते आणि खिडकीखालून जे काळं पाणी जातं, त्या दोन्हींत एकच नदी आहे. मधल्या अंतरात जे घडतं ते सगळं माणसांनी केलेलं आहे, म्हणून त्यातलं बरंच माणसांना थांबवताही येईल. माझी आशा एवढ्यावरच उभी आहे आणि ती लहान नाही.

हल्ली काही तरुण मुलं-मुली वालधुनीला मिळणाऱ्या नाल्यांचा नकाशा करताहेत. त्यांचे नमुने मी सुट्टीच्या दिवशी तपासून देते. मागच्या पावसाळ्याआधी त्यांची बैठक आमच्या चाळीच्या गच्चीवर होती. पप्पा चहा द्यायला म्हणून वर आले आणि सतरंजीवर पसरलेल्या नकाशासमोर थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला, खाली बसले.

"ह्यात वसाहतीच्या मागच्या लाइनी नाहीत," ते म्हणाले. "त्या वरून दिसत नाहीत. चेंबरमधून चेंबरमध्ये जातात आणि देवळाच्या अलीकडे निघतात."

एका मुलीने विचारलं, "काका, तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिथला ऑपरेटर होतो, बाळा. रात्रपाळीला."

कुणी काही बोललं नाही. मुलीने आपलं पेन त्यांच्या हातात दिलं. ते एकेक चेंबर, एकेक वळण आठवून काढत गेले. कुठे उतार आहे, कुठे पाइप गंजून फुटलेला असणार, पावसात कुठलं झाकण उचलतं, तेही बाजूला लिहीत गेले. कागदाची कड आली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"अजून एक कागद जोडा," ते म्हणाले. "खालच्या अंगाचं राहिलंय."